सोंगणीच्या आधी विशाखापट्टणमकडं पाहा

पांढरकवड्याचा कास्तकार

राम राम मंडळी. पोळा आटोपला. वावरात सोयाबीनच्या शेंगा भरत आहेत, पऱ्हाटीला (कपाशीला) पात्या-फुलं लागली आहेत, तूर कमरेला आली. सोंगणीला, म्हणजे पीक कापणीला, अजून महिनाभर आहे. चर्चेचा हा धागा आत्ताच काढतो, कारण ताडपत्र्या आत्ता घेतल्या तरच कामी येतात. आभाळ भरून आल्यावर दुकानात गर्दी होते आणि भावही चढतात.

2025 चा हंगाम माझ्या डोक्यातून अजून गेला नाही. त्या वर्षी 24 मेला मान्सून केरळात आला आणि 26 मेला मुंबईत. टीव्हीवर दिवसभर मुंबईचं पाणी दाखवत होते. दोन-तीन दिवसांत पूर्व विदर्भाच्या काही भागातही पोचल्याचं जाहीर झालं. आमच्याकडं एक जोरदार सर आली, माती ओली झाली आणि मी रोहिणीतच सोयाबीन पेरून मोकळा झालो. त्यानंतर मान्सून जूनच्या मध्यापर्यंत जागचा हलला नाही. उगवलेलं कोंब डोळ्यांदेखत वाळलं. दुबार पेरणी 25 जूनला केली.

तिथून सगळं मागं पडलं. पीक तयार झालं तेव्हा वावर ओलं, हार्वेस्टर उतरेना. मग दिवाळी आली, मजूर मिळेना. भाऊबीज झाल्यावर चार एकर सोंगलं आणि वाळायला वावरातच ढीग घालून ठेवलं. इकडं 28 ऑक्टोबरच्या रात्री 'मोंथा' चक्रीवादळ काकीनाड्याच्या बाजूला आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं. ती बातमी मी मोबाईलवर पाहिली होती, आणि पाहून पुढं सरकवली. समुद्रकाठच्या लोकांवर संकट आलं, बिचाऱ्यांचं कसं होईल, एवढंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी तेच पाणी माझ्या सोयाबीनवर पडत होतं. शेंगेतच दाण्याला मोड आले. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले, पाहिले आणि काही न बोलता परत पोत्यात सोडले.

त्यानंतर एका रात्री नकाशा घेऊन बसलो. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत जवळपास सातशे किलोमीटर. नागपूर ते विशाखापट्टणम पावणेसहाशेच्या आसपास. आणि आपला गडचिरोलीच्या टोकाचा सिरोंचा? तिथून काकीनाडा सव्वातीनशे किलोमीटरही भरत नाही. आपल्याला जवळचा समुद्र पूर्वेचा आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. आपलं पाणी जिकडं जातं तिकडूनच आपला पाऊस येतो, आणि आपण मात्र जन्मभर मुंबईच्या बातम्या पाहून पेरण्या केल्या.

माझं विचारणं एवढंच आहे: पूर्व किनाऱ्यावरची बातमी कास्तकारानं कशी वाचायची, ती आल्यावर हातात किती दिवस असतात, आणि तेवढ्या दिवसांत काय वाचवता येतं? ज्यांना जे ठाऊक असेल ते सविस्तर लिहा.


निवृत्त कृषी सहायक, वणी

भाऊ, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं आहे. मी 31 वर्षं गावोगाव फिरलो, आणि दरवर्षी हेच पाहिलं की मुंबईत पाऊस लागला की इकडचा माणूस बियाण्याच्या दुकानात जातो.

आधी मुंबई-कोकणचा पाऊस वेगळा का, ते सांगतो. तिकडं अरबी समुद्रावरून येणारे वारे सरळ सह्याद्रीला धडकतात, वर चढतात आणि तिथंच रिते होतात. म्हणून कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि घाट उतरून पलीकडं गेलं की दुष्काळी तालुके लागतात. त्या वाऱ्यांत आपल्यापर्यंत यायला फारसं काही उरत नाही.

आपला पाऊस घडतो तो उपसागरात. जून ते सप्टेंबर ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यालगत कमी दाबाची क्षेत्रं तयार होत राहतात. तयार झाल्यावर ती बहुतेक वेळा पश्चिम-वायव्येकडं चालू लागतात. आधी ओडिशा, मग छत्तीसगड, मग मध्य प्रदेश. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. पावसाळ्यातल्या या प्रणालीचा सगळ्यात जोराचा पाऊस तिच्या मध्यावर पडत नाही, नैर्ऋत्येच्या बाजूला पडतो. केंद्र छत्तीसगडवर किंवा पूर्व मध्य प्रदेशावर असलं की नैर्ऋत्येला कोण येतं? गोंदिया, भंडारा, नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर. म्हणून 'कमी दाबाचे क्षेत्र छत्तीसगडवर' हे वाक्य ऐकलं की ती बातमी आपली समजा. केंद्र विदर्भात यायची वाट पाहू नका.

उलट कमी दाबाचा लांब पट्टा, ज्याला मान्सूनचा आस म्हणतात, तो उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडं खंड पडतो. 'आसाम-बिहारमध्ये पूर' अशा बातम्या लागोपाठ आल्या की डवरणी (ओळींमधली कोळपणी) उरकून ओल धरून ठेवायची.

ऑक्टोबरपासून चित्र बदलतं. मान्सून परत फिरतो आणि उपसागरात चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो. मग आंध्र, तमिळनाडू आणि ओडिशाचा किनारा पाहायचा. 'फायलिन' 2013 साली 12 ऑक्टोबरला ओडिशात गोपाळपूरजवळ चढलं. 'हुदहुद' पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला, विशाखापट्टणमला. त्या दिवसांत आपल्याकडं काय चालू असतं? सोयाबीन खळ्यावर, हलका (लवकर येणारा) धान कापणीला, कापसाचा पहिला वेचा झाडावर. वादळ जमिनीवर चढलं की वारा लवकर मरतो, पाणी मरत नाही. ते पाणी घेऊन दोन-तीन दिवस आत चालत राहतं.


चिखलीचा गडी

काका, तुमी म्हणता ते खरं हाये, पण ते जास्ती लागू हाये तिकडच्या पूर्वेच्या जिल्ह्याईले. आमच्या बुलडाण्याकडं येता येता उपसागराचं पाणी थकून जाते. गडचिरोलीत तेराशे-चौदाशे मिलिमीटर पडते अन् आमच्याकडं सातशे-आठशे. आमी तं कधी इकडून कधी तिकडून जे येईल त्याच्यावर जगतो.

अन् अरबी समुद्राले अगदीच सोडून देऊ नका. 2019 ची दिवाळी इसरले काय? 'क्यार' वादळ कोकणाच्या समोर समुद्रात होतं, जमिनीवर आलंच नाही, ओमानकडं गेलं. पण तो सारा महिना पाण्यातच गेला. आमच्या सोयाबीनच्या सुड्या (रचलेल्या गंज्या) आतून गरम झाल्या व्हत्या, हात घातला तं वाफ निघे. माय म्हणे, स्वातीचा पाऊस हाये, मोती पिकतील. सुडीत बुरशी पिकली.


निवृत्त कृषी सहायक, वणी

चिखलीकर, तुमचा मुद्दा मान्य. 2019 विसरण्यासारखं नाही, ते मी लिहायला हवं होतं. दोन्ही समुद्र पाहायचे, पण रोजची नजर पूर्वेला ठेवायची, एवढं म्हणू.

आईंचं म्हणणंही चुकीचं नव्हतं बरं का. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण रब्बीची. स्वाती नक्षत्र 24 ऑक्टोबरच्या सुमारास लागतं. ज्वारी, हरभरा, जवस पेरलेल्या माणसाला तो पाऊस खरंच मोत्यासारखा. सोयाबीन आपल्याकडं पसरलं ते 1980 नंतर. म्हण जुनी आणि पीक नवं. मोंथा आलं तेही स्वातीतच. आता त्याच आठवड्यात अर्ध्या विदर्भाचं सोयाबीन उघड्यावर असतं, तर भारी (उशिरा येणारा) धान उभा असतो. जुन्या माणसांचं आभाळाचं ज्ञान कायम आहे, आपण वावरातलं पीक बदललं आहे.


अर्जुनी मोरगावची धानवाली

मी गोंदिया जिल्ह्यातली. साडेतीन एकर बांधी (बांध घातलेली धानाची शेती) आहे, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या पाण्यावर. नवरा बाहेरगावी कामाला, शेती मीच पाहते. सोयाबीनवाल्यांची चर्चा चालू आहे, त्यात धानाचं सांगते.

आमच्याकडं धान कापल्यावर कडपा (कापून पसरलेला धान) दोन-तीन दिवस बांधीतच वाळू घालावा लागतो. त्याशिवाय भारे बांधता येत नाहीत, ओला धान पुंजण्यात (रचलेल्या ढिगात) घातला तर काळा पडतो. हेच दोन-तीन दिवस जीव टांगणीला असतो. उभा धान पाऊस सोसतो. कडपा पाण्यात बुडाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोंबीला कोंब दिसतात.

मोंथाच्या वेळी माझा हलका धान घरी आला होता. मध्यम धानातली एक बांधी मात्र कापून पडली होती. बाजूच्या बांधीतला उभा ठेवला होता, कारण मजूर दुसरीकडं गेले. ज्या बाया आल्या नाहीत म्हणून मी तीन दिवस तळमळत होते, त्यांच्यामुळं तो धान वाचला. थोडा लोळला, पण वाचला.

त्यावरून मी एक नियम धरला आहे. किनाऱ्यावर काही आहे असं कानावर आलं की नवीन कापणी लावायची नाही, आधी पडलेला कडपा उचलायचा. पूर्ण वाळला नसला तरी बांधावर, उंचवट्यावर न्यायचा. बांधीचं पाणी आधीच सोडून द्यायचं, पाऊस आल्यावर मुही (बांधाचं तोंड) फोडायला रात्री कोण जाणार? माझ्या शेजारी याच्या उलट करतात, घाईघाईनं सगळं कापून टाकतात. काकांना विचारायचं होतं, माझं बरोबर आहे का?


निवृत्त कृषी सहायक, वणी

ताई, अगदी बरोबर. कापून उचलायला आणि झाकायला वेळ असेल तरच कापा. नसेल तर उभं पीक जास्त सुरक्षित. सोयाबीनलाही हेच लागू आहे, फक्त तिथं एक अडचण आहे: पक्व झाल्यावर आठ-दहा दिवस उभं ठेवलं तर शेंगा तडकतात, जेएस 335 सारख्या वाणात विशेष. म्हणून सोयाबीनला ताणायला जागा कमी. दोन-तीन दिवस थांबता येतं, दोन आठवडे नाही.


सिरोंचा, गोदाकाठ

आमच्या गावाचं नाव इथं आलेलं पाहून बरं वाटलं. गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशात आम्ही सगळ्यात खाली, म्हणून कुणाच्या लक्षात नसतो. नदीच्या पलीकडं तेलंगण. आमचे अर्धे सोयरे तिकडं, घरात तेलुगू आणि मराठी दोन्ही चालतात.

आम्ही लहानपणापासून तेलुगू बातम्यांवरच हवामान ऐकतो. काकीनाडा, मछलीपट्टणम, विशाखापट्टणमच्या बंदरांवर कितव्या नंबरचा बावटा (वादळाच्या इशाऱ्याची खूण) लावला, ते तिकडं सांगतात. नंबर वाढत गेला की आमचे आजोबा मिरच्या खळ्यातून उचलायला सांगायचे. मिरचीला एक रात्र पाणी लागलं की रंग जातो आणि रंग गेला की भाव गेला.

तिकडच्या धानवाल्यांकडून शिकलेली एक गोष्ट सांगतो, गोंदियाच्या ताईंना उपयोगी पडेल. वादळाच्या पावसात धान लोळला किंवा कडपा भिजला, तर ते लोंब्यांवर मिठाचं पाणी फवारतात. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम मीठ, म्हणजे पाच टक्के. त्यानं दाण्याला कोंब फुटायचं थांबतं. तिकडच्या कृषी विद्यापीठाचे लोकही वादळानंतर हाच सल्ला देतात. मी स्वतः केलं आहे. पाऊस उघडल्याबरोबर मारायचं, कोंब फुटल्यावर उपयोग नाही. आणि साठलेलं पाणी आधी काढायचं.


अर्जुनी मोरगावची धानवाली

दादा, हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मीठ तर घरात असतंच. लिहून ठेवलं.


दापोलीत राहणारा, मूळ दर्यापूरचा

मी अमरावती जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोकणात दापोलीला आहे. घरची शेती भाऊ करतो, कापूस आणि तूर. समुद्रकाठी राहून काय दिसतं ते थोडं लिहितो.

3 जून 2020 ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा मी इथंच होतो. दापोली-मंडणगडकडं नारळ, सुपारी, आंब्याची जुनी जुनी झाडं मुळासकट गेली. माडाचं झाड पुन्हा फळायला किती वर्षं लागतात ते शेतकऱ्यालाच कळतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर गुजरातला गेलं, जाता जाता झाडावरचा हापूस खाली टाकून गेलं. या दोन्ही वेळी मी भावाला फोन करून विचारलं, तिकडं काय? तर तिकडं मळभ, थोडा वारा. म्हणजे पश्चिम किनारा उद्ध्वस्त होतानाही आपलं दर्यापूर जवळपास जागेवर. याच्या उलट आंध्रच्या वादळात इथं दापोलीत काही नसतं, आणि भाऊ तिकडून फोन करतो की वेचणीचा कापूस भिजला.

इथल्या लोकांकडून घेण्यासारखं एक आहे. कोळी माणूस बावट्याला मान देतो. तीन नंबर लागला की होडी वर ओढतो, डोक्यावर ऊन असलं तरी. 'आत्ता तर काहीच नाही' असं म्हणत बसत नाही. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तोही नियम तो आपला म्हणून पाळतो. आपल्याकडं नारिंगी इशारा आला आणि दुपारी ऊन पडलं की आपण म्हणतो, हवामानवाले खोटं बोलतात.

दुसरं, भाताचं. इथं हळवं, निमगरवं आणि गरवं अशी वेगवेगळ्या मुदतीची भातं एकाच घरात लावतात. ताई म्हणतात त्या हलक्या, मध्यम आणि भारी धानाचीच ही नावं. सगळं पीक एकाच आठवड्यात कापायला येत नाही, त्यामुळं एक पाऊस सगळं नेत नाही. भाताची उडवी रचतात तेव्हा लोंब्या आत आणि बुंधे बाहेर ठेवतात, वरून पेंढा असा घालतात की पाणी ओघळून जावं. आपल्या सोयाबीनच्या गंज्या मी पाहतो, वरून सपाट असतात. ताडपत्री टाकली तरी मधे खोलगट भाग राहतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं. गंजी वर निमुळती करा.


पांढरकवड्याचा कास्तकार

गंजीबद्दल दापोलीचे भाऊ म्हणतात ते शंभर टक्के. माझी गंजी सपाटच होती. शिवाय खाली काहीच घातलं नव्हतं, पाणी खालूनही चढलं. यंदा पऱ्हाटीच्या काड्यांचा थर खाली देणार आहे.

आता एक विचारतो. इशारे येतात त्यातले शब्द नीट कळत नाहीत. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे माझ्या गावात पडणार की नाही?


निवृत्त कृषी सहायक, वणी

हा प्रश्न मला गावोगावी विचारला गेला आहे, आणि कुणी नीट सांगत नाही म्हणून लोकांचा अंदाजावरचा विश्वास उडतो. सविस्तर लिहितो.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या शंभरातल्या जास्तीत जास्त 25 पर्जन्यमापकांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे 50 पर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे 75 पर्यंत. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. हे शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाहीत, किती जागी पडेल ते सांगतात. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असताना चार गावांपैकी तीन कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच असतो. सोंगणीच्या दिवसांत 'बऱ्याच' किंवा 'बहुतांश' शब्द आला की काम थांबवा. 'तुरळक' असेल तर काम चालू ठेवा, पण ताडपत्री वावरात असू द्या.

पावसाचं माप वेगळं. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढं जोरदार, 115.6 पासून अति जोरदार, 204.4 च्या वर अत्यंत जोरदार.

समुद्रातल्या प्रणालीच्या पायऱ्याही ओळखून ठेवा. आधी कमी दाबाचं क्षेत्र. वारा ताशी 31 किलोमीटरवर गेला की डिप्रेशन. 50 वर गेला की डीप डिप्रेशन. 62 च्या पुढं चक्रीवादळ, आणि तिथंच त्याला नाव मिळतं. नाव मिळालं की टीव्ही जागा होतो. पण पावसाळ्यात आपल्याकडं पूर आणणाऱ्या बहुतेक प्रणालींना नावच नसतं. नावाची वाट पाहणारा माणूस नेहमी उशिरा जागा होतो.

हातात किती दिवस असतात हे तुम्ही विचारलं होतं. कमी दाब तयार झाल्याच्या बातमीपासून आपल्या वावरात पाऊस येईपर्यंत साधारण दोन ते चार दिवस. सिरोंच्याला कमी, चिखलीला जास्त. त्याच्याही आधी, दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज काढतं, त्यात उपसागरात काही तयार होण्याची शक्यता किती ते असतं. तो नक्की तारीख सांगत नाही. पण मजूर कधी लावायचे, मळणीयंत्र कुणाला आधी द्यायचं, हे ठरवायला पुरेसा आहे. नागपूरचं प्रादेशिक केंद्र रोज जिल्हावार पाच दिवसांचे इशारे देतं. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तो मेघदूत ॲपवर मराठीत दिसतो. पूर्वी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्ह्याची वेगळी हवामान केंद्रं होती, ती 2024 मध्ये देशभर बंद झाली. फार उपयोगाची होती. तिथला माणूस फोनवर सांगायचा, तुमच्या तालुक्यात उद्या फवारू नका. ते परत सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं.


चिखलीचा गडी

काका, एवढं सोपं करून आमाले कोणी सांगतलं नाही. 'तुरळक'चा अर्थ मले आज समजला.

विजेचंबी लिहा कोणीतरी. सोंगणीच्या टायमाले बाया वावरात राहतात अन् दुपारून गडगडाट सुरू होते. मागं आमच्या शेजारच्या गावातली एक बाई गेली, झाडाखाली उभी व्हती.


सिरोंचा, गोदाकाठ

फार वाईट झालं. दामिनी ॲप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलेलं. आपल्या आजूबाजूला 20 ते 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असली तर दाखवतं. आमच्या गावात मुकादमाच्या मोबाईलवर घालून दिलं आहे, तो शिट्टी मारतो आणि सगळे वावर सोडतात. झाडाखाली थांबायचं नाही, लोखंडी विळे-कुदळी हातात ठेवायच्या नाहीत, उघड्यावर अडकलात तर पाय जवळ घेऊन उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. मजुरांना हे सोंगणीच्या पहिल्या दिवशीच सांगा.


वरुडचा संत्रावाला

आमचा विषय थोडा वेगळा. अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या संत्र्याची) फळं आता झाडावर आहेत, तोडणी ऑक्टोबरपासून पुढं. ऑगस्ट-सप्टेंबरात सलग झड लागली की फळगळ सुरू होते. बुरशीनं फळ तपकिरी होतं आणि रात्रीतून झाडाखाली सडा पडतो. फवारणीपेक्षा मला चरांचा जास्त फायदा झाला. दोन ओळींमध्ये उताराला चर काढला आणि बुडाशी पाणी थांबू दिलं नाही. गळलेली फळं रोज उचलून बागेबाहेर गाडतो. उपसागरात कमी दाब झाला की आधी चर मोकळे करतो, मग बाकी.

आणि काका, पूर्वेचा समुद्र हिवाळ्यातही आपल्याला सोडत नाही. फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवा. उत्तरेकडून थंड हवा येते, उपसागरावरून दमट वारे येतात, दोन्ही आपल्या डोक्यावर भेटतात. 2014 च्या त्या गारपिटीत आमच्या बागेत मृग बहाराचं (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेलं) एकही फळ डागाशिवाय राहिलं नाही. झाडाच्या सालीवर त्या जखमा अजून आहेत.


पांढरकवड्याचा कास्तकार

विम्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पूर्वी सोंगून ठेवलेलं पीक 14 दिवसांत भिजलं तर 72 तासांत कळवून दावा करता यायचा. 2025 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा पीक विमा बंद झाला, आणि काढणीनंतरचं नुकसान आणि स्थानिक आपत्ती हे दोन्ही भागही निघाले. भरपाई पीक कापणी प्रयोगावर (काही वावरांत पीक कापून भागाचं उत्पन्न मोजतात त्यावर) आली. म्हणजे माझं सोयाबीन सोंगल्यानंतर भिजलं, तर कापणी प्रयोगात ते चांगलंच दिसणार. ज्या वर्षी या भागाची सगळ्यात जास्त गरज पडली, त्याच वर्षी तो नव्हता. याचं दुःख आहे, आणि रागही.

सरकारी मदतीसाठी अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर झाल्यावर. आमच्या मंडळाचं मापक माझ्या वावरापासून 11 किलोमीटरवर. ओळीनं तीन दिवस तीस-चाळीस पडला तर अतिवृष्टी नाही, पण सोयाबीन तर त्यातच सडतं. सोंगलेल्या पिकाला 65 लागत नाहीत. 20 मिलिमीटर आणि दोन दिवसांचं मळभ पुरतं. हे माप कापलेल्या पिकासाठी वेगळं असायला हवं, एवढी साधी गोष्ट आहे.


अर्जुनी मोरगावची धानवाली

भाऊ, हे गावाच्या ठरावात घेता येईल. आमच्या ग्रामसभेत मी मांडणार आहे: कापलेल्या पिकाला वेगळं माप. तुम्हीही मांडा. दहा गावांचे ठराव गेले तर कुणीतरी वाचेल.


दापोलीत राहणारा, मूळ दर्यापूरचा

ताई, ठरावाचा मसुदा इथं टाका, मी भावाला पाठवतो. इथं खाडीकाठच्या खाजण जमिनीत उधाणाचं खारं पाणी शिरून भात जातं, तेव्हाही असाच घोळ होतो. पाऊस मोजला जातो, शेतात साचलेलं पाणी मोजलं जात नाही. बांध फुटला त्या दिवशी आभाळ निरभ्र असू शकतं.


निवृत्त कृषी सहायक, वणी

सोंगणीबद्दल दोन राहिलेल्या गोष्टी. भिजलेलं सोयाबीन लगेच मळणीला घालू नका, दाणा फुटतो आणि काळा पडतो. गंजी उघडून हवा लागू द्या, ऊन पडल्यावर पसरा, मग मळा. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 12 टक्के धरतात. 2024 च्या नोव्हेंबरात तो 15 पर्यंत शिथिल केला होता, पण दरवर्षी तसं होईल असं धरून चालू नका. आणि पुढच्या वर्षीचं बियाणं घरचं ठेवायचं असेल तर तेवढा तुकडा सगळ्यात आधी, कोरड्या दिवशी काढून वेगळा ठेवा. भिजलेलं बियाणं उगवत नाही.

पेरणीचंही सांगून ठेवतो, कारण या धाग्याची सुरुवात तिथूनच झाली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नका, मग मान्सून मुंबईत पोचलेला असो की पुण्यात. 2025 चा मान्सून पंधरा दिवस थांबला तेव्हा ज्यांनी हा एक नियम पाळला त्यांना दुबार पेरणी करावी लागली नाही.


पांढरकवड्याचा कास्तकार

काका, तेवढं ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. आमच्या वावरात तेव्हा 40 पण झाला नसेल.

आज दोन जाड ताडपत्र्या घेऊन आलो, 30 बाय 40 फुटांच्या. खळ्याची जागा उंच करायला दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. मळणीयंत्रवाल्याला सांगून ठेवलं आहे की तारीख आठवडाभर मागं-पुढं होईल. सोयाबीन दोन तुकड्यांत सोंगणार, एक वाळून गंजीत गेल्याशिवाय दुसऱ्याला विळा लावणार नाही.


सिरोंचा, गोदाकाठ

मी एक करतो. उपसागरात काही तयार झालं की याच धाग्यावर टाकतो: कुठं आहे, कोणत्या किनाऱ्याकडं निघालं आहे, बंदरावर कितव्या नंबरचा बावटा आहे. तेलुगू बातम्यांत सकाळी येतं, मी सकाळीच लिहीन. आणि आमच्या डोक्यावर आभाळ कसं आहे तेही. आमच्याकडं आलं की तुमच्याकडं यायला अर्धा-एक दिवस असतो.


अर्जुनी मोरगावची धानवाली

दादा, नक्की टाका. माझा हलका धान 10 ऑक्टोबरच्या आसपास कापायला येतो. आधीच्या गुरुवारचा अंदाज पाहूनच बायांना सांगणार आहे. त्या दिवशी नेटवर्क नसलं तर मुलाला बसस्टँडवर पाठवते, तिथं येतं.